घरचे ध्वनिमुद्रण

श्रोतेहो, १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. आणि कोणाचा आवाज टिपायचा, हे कंपनी ठरवी. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायांकडे कोण जाणार? हेमा राईरकर, गी प्वातवाँ व सहकारी गेले, पण शतक सरता सरता.

दरम्यान १९८३ साली ‘मिडी’ पद्धत ठरली, वाद्ये संगणकाला जोडली गेली. आता मायक्रोफोन, सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून त्याचे आकडे करणारी लहान पेटी आणि संगणक एवढ्यावर घरीच मुद्रण होते.

गुरुजनहो, शेंद्र्याला मांगीरबाबाची यात्रा भरते. आपल्या भागातल्या गाणाऱ्यांना मानाने घरी बोलवा. भिंतींवर गोधड्या टांगा, म्हणजे आवाज घुमणार नाही. मूळ गाणे जसेच्या तसे टिपून ठेवा. साज मागाहून चढवता येतो. गेलेला आवाज परत येत नाही.