तीन विषयांची एक वही

दिवाळीच्या आधी माळा झाडण्याचे काम आमच्या घरात कित्येक वर्षे माझ्याकडेच आहे. गेल्या वर्षी हे काम करताना पत्र्याच्या एका जुन्या पेटीच्या तळाशी माझ्या आत्याची शाळेतली वही हाताला लागली. पुठ्ठ्यावर खाकी कागद, कोपरे उंदरांनी कुरतडलेले, आतली निळी शाई तपकिरी झालेली. आजोबा वर्षाला मोजक्याच वह्या आणून देत, म्हणून आत्याने एकाच वहीचे तीन भाग पाडून तीन विषय लिहिले होते. पहिल्या भागात शरीराच्या संस्था : पचन, श्वसन, रक्ताभिसरण, मज्जासंस्था. दुसऱ्यात इंग्रजी व्याकरण. तिसऱ्यात ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धा, प्रश्नोत्तरांच्या रूपाने.

हे तीन विषय एका वहीत पाहून आजच्या मुलांना नवल वाटेल. मला वाटले नाही. कारण या वहीची उजळणी मीच घेत असे! ते साल 1961. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. आत्या आमच्या भागातल्या एका मिशनच्या शाळेत आठवीत होती आणि मी सहा वर्षांचा. ती अंगणात येरझारा घालीत धडा म्हणायची आणि मी ओट्यावर वही उघडून, अक्षरे नीटशी लागत नसतानाही मोठ्या रुबाबात, ओळीवर बोट ठेवून बसायचा.

एके संध्याकाळी आत्या तिसऱ्या भागाची उजळणी करीत होती. ख्रिस्ती लोकांचा जो विश्वासांगीकार आहे त्याची सुरुवातच ‘मी’पासून होते. आत्या ते घडाघडा म्हणत होती. आजी जवळच वाती वळीत बसली होती. तिचा हात थांबला.

“काय म्हनतं वं पोरी? हे तू मनातून म्हनून रायली, का निस्तं तोंडानं?”

“माय, धडा हाये हा. उद्या परीक्षा हाये.”

“धडा असू दे. पन मनात नसलं तं ‘मी’ म्हनू नाई. लबाडी होते.”

आजी निरक्षर होती. पण दीडशे वर्षे महाराष्ट्रातले शहाणेसुरते लोक ज्या प्रश्नापाशी अडखळत आले, त्यावरच तिने नेमके बोट ठेवले होते, हे मला पुष्कळ पुढे कळले. आत्याच्या वहीतले तीन विषय मराठी मुलखात वेगवेगळ्या वाटांनी आले नाहीत. ते एकाच बोचक्यात बांधून आले, आणि ते बोचके सोडताना काय घ्यावे, काय ठेवावे आणि कशाला ‘मी’ म्हणावे हा निवाडा आपल्या लोकांना करावा लागला. त्या निवाड्याचीच ही थोडी उजळणी.

या बोचक्याची पहिली गाठ गोव्यात सुटली. 1579 साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 मध्ये छापले गेले. आणि त्यांनीच कोंकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले, ते त्यांच्या पश्चात 1640 मध्ये राचोल येथे छापून निघाले. धर्म शिकवावयाचा तर भाषा यावी लागते, आणि भाषा शिकवावयाची तर तिचे व्याकरण लिहावे लागते, असा हा सरळ हिशेब होता. पुढे बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीने 1805 साली मराठीचे व्याकरण छापले, त्यामागेही हाच हिशेब.

मुंबईत 1813 साली अमेरिकन मिशनरी उतरले आणि दोनच वर्षांत त्यांनी मराठी मुलांसाठी शाळा काढली. 1824 मध्ये मुलींची. 1829 साली स्कॉटलंडहून डॉ. जॉन विल्सन आले. अमेरिकन मिशनने 1842 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ‘ज्ञानोदय’ सुरू केले, त्यातही धर्मोपदेशाच्या शेजारी सृष्टिज्ञानाचे लेख असत. या लोकांचा असा पक्का समज होता की, आकाशातले ग्रह आणि शरीरातल्या शिरा यांचे खरे ज्ञान झाले की जुन्या समजुती आपोआप गळून पडतील, आणि त्या रिकाम्या जागी ख्रिस्ती श्रद्धा येऊन बसेल. शरीरशास्त्र हे त्यांच्या दृष्टीने देवळाच्या पायऱ्यांसारखे होते. पायऱ्या चढणारा गाभाऱ्यात जाणारच!

पण मराठी मनुष्य मोठा चोखंदळ. पायऱ्यांवर बसून तो हवा खातो, गप्पा मारतो आणि वाटले तर तेथूनच परत फिरतो.

दादोबा पांडुरंगांचेच पाहा. 1836 साली त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांनी डोळ्यांपुढे ठेवली होती, आणि संज्ञा बहुतेक संस्कृतातल्या घेतल्या. शाळेत आपण सर्वांनी ज्या शब्दांचे ‘व्याकरण चालवले’, त्या नाम-सर्वनाम-क्रियापदांच्या चौकटीत इंग्रजी व्याकरणाचा एक वासा असा बसलेला आहे. धर्माच्या बाबतीत मात्र दादोबांनी वेगळा मार्ग धरला. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि जुन्या रूढीतही राहिले नाहीत. 1849 च्या सुमारास मुंबईत जी परमहंस सभा स्थापन झाली, तिच्यामागे त्यांचाच विचार होता. एक ईश्वर आणि जातिभेदाला नकार, ही तिची शिकवण.

जोतीराव फुले 1841 ते 1847 पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तेथल्या शिकवणीतून त्यांनी सर्व माणसांचा कर्ता एक, ही गोष्ट उचलली. पण त्या कर्त्याला नाव दिले स्वतःचे, ‘निर्मिक’. 1848 साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. धडा दुसऱ्याचा, उत्तर आपले!

आणि धडा पाठ करता करता त्यातला ‘मी’ खरा होऊन बसला, असेही लोक होते. बेळगावचे बाबा पदमनजी मिशनच्या शाळांतून शिकले आणि 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरादाराशी ताटातूट पत्करून घेतलेला तो निर्णय होता. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी तो सारा प्रवास सांगितला आहे, आणि ‘यमुनापर्यटन’ हे विधवांच्या दुःखावरचे त्यांचे पुस्तक 1857 पासून मराठी कादंबरीच्या उगमाशी उभे आहे. त्यांच्या ‘मी’ला लबाडी म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. माझ्या आजीनेही म्हटले नसते.

मग आजीला भीती कशाची होती? तिच्या भीतीला जुना आधार होता. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पाठोपाठ त्याचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. मुलगा अल्पवयीन, बाप न्यायालयात गेला आणि मुलगा परत मिळाला. पण त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर केवढे रणकंदन माजले! श्रीपतला घ्यावेच म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावर आग पाखडली. अशा गोष्टी वर्तमानपत्र न वाचणाऱ्या घरांतही पोहोचतात; नावे गळून जातात, धाक तेवढा उरतो. मुलगी शिकायला पाठवावी तर ती हातची जाईल, आणि न पाठवावी तर अडाणी राहील, या दोन चाकांमध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी आया सापडल्या असतील.

आमच्या काळी या धाकावर कायद्याचा एक उतारा आला होता. 26 जानेवारी 1950 पासून लागू झालेल्या राज्यघटनेचे 28 वे कलम सांगते की, सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, आणि सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत ते संमतीवाचून कुणावर लादावयाचे नाही. मूल लहान असेल तर संमती पालकाची. आजोबांनी आत्याच्या बाबतीत ही संमती खुशीने दिली होती. “दुसऱ्याच्या घरात काय आहे ते पाहिल्याने आपले घर मोडत नाही,” असे ते म्हणत.

पण कायदा फार तर धड्याला बसावे की नाही हे सांगतो. धडा कोणत्या तोंडाने म्हणावा, हे सांगत नाही. ते आत्याला तिच्या बाईंनी सांगितले. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या आधी आत्याने आजीचा आक्षेप बाईंच्या कानावर घातला. बाई स्वतः ख्रिस्ती, श्रद्धाळू. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझी आई बरोबर बोलली. तू ‘मी’च्या जागी ‘ख्रिस्ती लोक’ घाल आणि क्रियापद बदल. उसना विश्वास लिहिलास तर तो तुझाही नाही आणि आमचाही नाही.”

वहीच्या तिसऱ्या भागात ते अजून दिसते. प्रत्येक ‘मी’वर एक बारीक आडवी रेघ, वर ‘ते’, आणि ‘ठेवते’चे झालेले ‘ठेवतात’. समासात आत्याने इंग्रजी व्याकरणाचा नियमही टिपून ठेवला आहे : प्रथमपुरुषी ‘आय बिलीव्ह’, तृतीयपुरुषी एकवचनी ‘ही बिलीव्ह्ज’, अनेकवचनी ‘दे बिलीव्ह’. दुसऱ्या विषयाने तिसऱ्या विषयाची अडचण अशी सोडवली! दादोबा, जोतीराव आणि पदमनजी यांनी आयुष्ये वेचून जे केले, ते माझ्या आत्याने एका रेघेत केले, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि प्रश्न तोच होता : या वाक्याचा कर्ता कोण?

पहिल्या भागातही एक गंमत आहे. रक्ताभिसरणाच्या धड्यात आत्याने हृदयाची आकृती काढली आहे : वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका, मिनिटाला सुमारे 72 ठोके. विल्यम हार्वेने 1628 साली रक्त शरीरात फिरून परत येते हे दाखवले, तेव्हापासून हृदय म्हणजे एक पंपच ठरला. आणि तिसऱ्या भागात तेच हृदय देवाचे वसतिस्थान! आत्याने तेथे ‘हृदय’ खोडून ‘अंतःकरण’ केले आहे. मराठीत हे दोन शब्द हाताशी असल्यामुळे तिची पंचाईत टळली; इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच. तसे एका पाटीवर दोन भाषा नांदवणे आमच्या वाशीमला नवे नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. 1939 साली येथे विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडला, त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. जे काम ज्या भाषेला साधते ते तिच्याकडे द्यावे, हे शहाणपण या मातीत जुनेच.

वाशीमला 1938 साली डॉ. ऑर्फा स्पायचर या अमेरिकन बाईंनी नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले, आणि पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. आमच्याकडच्या मुलींना पांढऱ्या पोशाखातल्या मुली प्रथम दिसल्या त्या तेथे. त्यांना पाहूनच आत्याने परिचारिका व्हायचे मनात घेतले. शिकली दुसऱ्या गावी, आणि सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत केली. वहीचा पहिला भाग तिला रोज कामास आला, दुसरा औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरे वाचण्यास. तिसऱ्याचा उपयोग एकदाच झाला.

एका रात्री तिच्या वॉर्डात एक म्हातारी ख्रिस्ती बाई शेवटच्या घटका मोजत होती. जवळ नात्याचे कुणी नाही. तिला आपली प्रार्थना म्हणावयाची होती, पण ओठांतून शब्द फुटेनात. आत्याला ती प्रार्थना वहीतून पाठ होती. ती खाटेशेजारी बसली, म्हातारीचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रार्थना म्हणाली. त्या प्रार्थनेत ‘आम्ही’ येते. आत्याने ते बदलले नाही.

घरी येऊन तिने हे आजीला सांगितले. जुना आक्षेप तिच्या ध्यानात होताच. “माय, लबाडी झाली का वं?” असे तिने विचारले.

आजी म्हणाली, “दुसऱ्याचा निरोप सांगताना ‘मी’ म्हनलं तं लबाडी नाई होत. निरोप बरोबर पोचला पायजे.”

आजी गेली, आत्याही गेली. यंदा माझी नात सातवीत आहे. तिच्या शरीराच्या संस्थांची उजळणी मी घेतो. इंग्रजीचे व्याकरण ती माझ्याहून चांगले जाणते. आत्याची वही मी पुन्हा पेटीत टाकली नाही. ती नातीच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली आहे. परवा तिने ती उघडली आणि विचारले, “आबा, इथे सगळीकडे ‘मी’ का खोडला आहे?”

म्हटले, बस जवळ. सांगतो.