बऱ्हाणपूरचं सोनं कुठे पुरलंय?

मार्च 2025 मध्ये असीरगडाच्या पायथ्याला रात्री माणसं बॅटऱ्या घेऊन शेतं उकरत होती. काहींनी मेटल डिटेक्टर आणले होते. 'छावा' नुकताच लागून गेला होता, त्यात बऱ्हाणपूरची लूट दाखवलीय. त्यातच हायवेच्या कामाच्या मातीत सोन्याची नाणी निघाली अशी आवई उठली. मग काय, आसपासच्या गावांतली माणसं कुदळ-फावडी घेऊन शेतात. शेवटी पोलीस आले. ते व्हिडिओ आपल्याकडेही फिरले, लोक हसले आणि विषय संपला.

मंडळी, त्यातली पहिली गंमत अशी की लूट झाली ती गडाची नव्हेच. 1681 च्या जानेवारीअखेर संभाजी महाराज आणि हंबीरराव मोहिते चालून गेले ते बऱ्हाणपूरवर. असीरगड तिथून वीसेक किलोमीटर उत्तरेला. आणि बऱ्हाणपुरातही हात साफ झाला तो तटाबाहेरच्या पुऱ्यांवर. बहादूरपुरा आणि शिवाय सतरा पुरे, असं खाफीखान लिहितो. तीन दिवस मराठे तिथे होते. मोगलांचा खानजहान बहादूर धावत येईपर्यंत माल घेऊन ते निघूनही गेले होते. साधी गोष्ट आहे, लुटायला आलेला माणूस सोनं तिथेच पुरून कशाला जाईल?

त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात उतरला. पुढची सव्वीस वर्षं तो दक्षिणेतच अडकला आणि दक्षिणेतच मेला. आपल्या पुस्तकांत बऱ्हाणपूर येतं ते एवढ्यापुरतंच. लूट झाली, धडा संपला.

आपल्या रावेरच्या पलीकडे, सीमा ओलांडली की तासाभरात हे शहर येतं. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि उतरायचं. बाजारात मराठी बोलून सगळे व्यवहार होतात. तरी आपल्यातले बरेच जण तिथे गेलेत ते फक्त मावा जलेबी खायला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. जलेबी खायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण तापीच्या काठावर एवढं मोठं शहर का वसलं, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

फारुकी सुलतानांनी 1400 च्या आसपास ते वसवलं. नाव ठेवलं आपल्या खुलताबादेत दफन असलेल्या सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. नदीपलीकडच्या वस्तीला नाव दिलं जैनाबाद, तेही खुलताबादच्याच जैनुद्दीन शिराजींवरून. तापीचे दोन काठ म्हणजे खुलताबादचे दोन पीर. उत्तरेतून दक्षिणेत यायचं तर इथेच तापी ओलांडायची, आणि सुरतेचा माल आग्ऱ्याला जायचा तोही इथूनच. इथलं जरीकाम आणि कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जात होतं. आजही गल्ल्यांतून पॉवरलूमची खडखड ऐकू येते, ती त्याच धंद्याची.

चौकातल्या जामा मशिदीत एक शिलालेख आहे, तो जरूर बघा. राजा अलीखान फारुकीने 1590 च्या सुमारास ही मशीद पूर्ण केली. आत अरबी लेख आहे, आणि त्याच्याच जोडीला संस्कृत. संवत 1646, शके 1511, आणि मग मुहूर्ताचा सगळा तपशील, पंचांगात असतो तसा. मशिदीच्या भिंतीवर! आजकाल व्हॉट्सअॅपवर इतिहास शिकणाऱ्यांना ही भिंत थोडी अडचणीची वाटेल. वाटू द्या.

पण ज्यासाठी खरं तर जायचं ते जमिनीच्या वर दिसतच नाही.

1601 च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बऱ्हाणपूर मोगलांची दक्षिणेतली छावणी झाली. फौज, हत्ती, घोडे, कारकून, व्यापारी, सगळ्यांचा भार या एका शहरावर. तापी तर किल्ल्याच्या भिंतीखालूनच वाहते. मग पाण्याची चिंता कशाला? कारण नदी खोल पात्रात आहे आणि शहर उंच काठावर. हत्ती-बैलांनी पाणी ओढून किती ओढणार? त्यात वेढा पडला तर नदी शत्रूच्या हातात. पाण्यात विष कालवलं जाईल ही भीतीही होती असं सांगतात.

तेव्हा इथला सुभा अब्दुर्रहीम खानखानाकडे होता. हिंदीच्या पुस्तकातले दोहेवाले रहीम, तेच हे. त्यांच्या काळात, 1615 च्या सुमाराला, लालबागेच्या बाजूला जे काम झालं त्याला कुंडी भंडारा किंवा खूनी भंडारा म्हणतात. पाण्याला लालसर झाक होती म्हणून हे नाव, असं काहींचं म्हणणं. काही जण वाटमारीच्या गोष्टी सांगतात. नाव सोडा, काम बघा.

सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोटे आणि वाळूचा जाड थर आहे. डोंगरावर पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकत राहतो. ते पाणी नदीत जायच्या आधीच गाठायचं, एवढाच विचार. त्यासाठी जमिनीच्या पोटात बोगदा खणला आणि वरून साधारण वीस-वीस मीटरवर विहिरी सोडल्या. याच कुंड्या, शंभराच्या वर. बोगद्याला उतार शहराकडे. मोट नाही, रहाट नाही, पंप तर नाहीच. पाणी आपल्या पायांनी चालत शहरात येतं. कुंड्यांतून आत हवा-उजेड जातो आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. ही इराणातल्या कनातींची विद्या. असे एकूण आठ भंडारे शहराला पाणी द्यायचे. कुंडी भंडाऱ्यातून काही वस्त्यांना या आपल्या काळातही पाणी मिळत आलंय. चारशे वर्षं, विजेचं बिल शून्य.

आता याला जोडून आपल्याकडची गोष्ट. रहीम इथून ज्याच्याशी लढत होते तो निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, पुढचं औरंगाबाद, आणि 1617-18 च्या सुमाराला तिथे नहर-ए-अंबरी खणली. तंत्र तेच. जमिनीखालचं पाणी, उतार आणि हवेच्या विहिरी. लढाईत एकमेकांचा जीव घ्यायला निघालेले दोघे, पण दोघांनीही त्याच दशकात आपापल्या शहराला एकाच पद्धतीने पाणी पाजलं. मला या दोघांची लढाई आठवत नाही, हे आठवतं.

आणि पाण्याची किंमत या शहराला लवकरच कळली. 1630 ला पाऊस दगा देऊन गेला. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडे माणसं किड्यामुंगीसारखी मेली. पीटर मंडी नावाचा इंग्रज तेव्हा सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला गेला. रस्त्याकडेच्या प्रेतांबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचवत नाही. याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली बायको गेली. शहाजहान तेव्हा बऱ्हाणपुरातच तळ देऊन होता. त्याने लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, अशी दरबारी नोंद आहे. तेवढ्याने काय होणार होतं? जी फौज तो दक्षिणेत लढवत होता तीही त्याच धान्यावर पोसली जात होती, हे दरबारी नोंदीत येत नाही.

मुमताज गेली ती या दुष्काळातच, 17 जून 1631 ला, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहुखान्यात, तिला सहा महिने ठेवलं होतं. मग आग्ऱ्याला नेलं. गाईड लोक शाही किल्ल्यातला हमाम दाखवतात, छतावरची नक्षी खरंच बघण्यासारखी आहे. पण आहुखान्याकडे फारसं कुणी जात नाही.

नदीकाठी बोहरडाजवळ मोहना आणि तापीच्या संगमावर एक छत्री आहे, राजा की छत्री. मिर्झाराजे जयसिंगांची. पुरंदरच्या तहात महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारे हेच. आग्ऱ्याहून महाराज निसटले, विजापूरची मोहीम फसली, दरबारातून बोलावणं आलं आणि परतताना 28 ऑगस्ट 1667 ला ते इथे वारले. असीरगडही आपल्या इतिहासात पुन्हा येतो. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी तिथे आसरा घेतला होता, आणि एप्रिल 1819 मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा तिसरं मराठा युद्ध संपलं.

पुन्हा पाण्याकडे. कुंडी भंडारा 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. चांगलं झालं. पण बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचे थर चढतायत, झिरपण्याच्या वाटा बुजतायत. आणि वर चारी बाजूंना बोअरवेल. केळीला पाणी लागतं, शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. पण ज्या थरातून कुंड्यांना पाणी येतं तोच थर आपण वरून उपसतोय. आणि हा थर बऱ्हाणपूरपाशी संपत नाही. रावेर, यावल, चोपड्यापर्यंत सातपुड्याच्या कडेने तोच पट्टा आलाय. आपल्या बोअरवेल दरवर्षी का खोल न्याव्या लागतात, याचं उत्तर त्यातच आहे.

10 मे 2025 ला भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी तापी मेगा रिचार्जच्या करारावर सह्या केल्या. पुराचं पाणी कालव्यांनी याच पट्ट्यात आणून मुरवायचं, अशी योजना आहे. कागदावर सुंदर. माझा प्रश्न एवढाच, की पाणी मुरल्यावर ते किती उपसायचं हे कोण ठरवणार? रहीमच्या बोगद्यात याचं उत्तर बांधकामातच होतं. जेवढं झिरपेल तेवढंच पुढे वाहील, त्यापेक्षा जास्त ओढायची सोयच नव्हती. आपल्याकडे पाचशे फुटांवर मोटर सोडता येते. ग्रामसभांनी आत्तापासून हा मुद्दा धरावा. कालवे झाल्यावर तो कुणी ऐकणार नाही.

जायचं असेल तर सकाळच्या गाडीने निघा. स्टेशन लालबागेतच आहे, तेव्हा आधी कुंडी भंडारा करा, मग शहर. एका कुंडीत खाली उतरायला लिफ्ट बसवलीय, ऐंशी फुटांच्या आसपास खाली जाते. ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या. चप्पल हातात घेऊन पाण्यात उभं राहा, थंडगार आणि स्वच्छ असतं, आणि वर पाहिलं की आकाश ताटाएवढं दिसतं. जलेबी संध्याकाळी, येताना.