पित्त उठले, पण कशाने?

पावसाळ्यात उत्तर गोव्याच्या वाळूवर निळसर फुगे वाहून येतात आणि जाणती माणसे पोरांना त्यांच्यापासून दूर हाकलतात. हा प्राणी म्हणजे ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’. गोव्यात हे नाव ऐकून थोडे हसू येतेच. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याचे विष तपासायला घेतले. फ्रान्सला परतल्यावर समुद्रफुलाच्या विषावर त्यांनी काम पुढे चालू ठेवले. थोडे थोडे विष दिले की कुत्रा त्याला सरावेल, अशी त्यांची अटकळ होती. झाले उलटेच. पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेला. या कामासाठी रिशेला १९१३ चे नोबेल मिळाले.

ॲलर्जीचे शास्त्र त्या दुसऱ्या वेळेवर उभे आहे. पहिल्या भेटीत शरीर गुपचूप आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवते आणि पुढच्या एखाद्या भेटीत उसळते. म्हणून ‘ही गोळी तर मी नेहमीच घेतो’ हा काही निर्धोकपणाचा दाखला नव्हे. या विषयात नव्याने येणाऱ्याने यंत्रांना बिचकू नये. इथले मुख्य हत्यार म्हणजे नीट विचारलेली हकीकत. काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, आधी कधी झाला होता का, पंगतीतल्या इतरांचे काय?

पेडणे-डिचोलीतल्या जेवणातलेच उदाहरण घेऊ. बांगड्याचे हुमण जेवून अर्ध्या तासात चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. घरचे म्हणतात, पित्त उठले, ह्याला बांगडा सोसत नाही, आणि आमसुलाचा कोळ चोळतात. पुष्कळदा दोष माणसाचा नसतो, कमी पडलेल्या बर्फाचा असतो. उन्हात राहिलेल्या बांगड्यात, कुप्यात, तारल्यात जंतू हिस्टामीन तयार करतात. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. त्याच पातेल्यातले आणखी कोणी लाल झाले असेल तर मासा बिघडलेला होता. एकट्यालाच, आणि ताज्या माशानेही दर वेळी होत असेल, तर ॲलर्जीचा खरा संशय घ्यावा. सुंगटांची गोष्ट वेगळी. त्यांतले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही, तेव्हा सुक्या सुंगटांची किसमूरही तितकीच धोक्याची. मात्र सुंगटे सोसत नाहीत म्हणून मासेही सोडावेत, असे नाही. माशांची ॲलर्जी वेगळ्या प्रथिनाने होते.

काजूच्या हंगामात बिया भाजताना, फोडताना टरफलाचे तेल उडते आणि हातांवर चट्टे उठतात. हे बिब्बा उतण्याच्याच जातीचे. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. बिब्ब्यावर तर पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात प्रकरणच आहे. तेलाच्या ॲलर्जीचे चट्टे एक-दोन दिवसांनी उमटतात. काजूगर खाऊन होणारी ॲलर्जी मिनिटांत गाठते आणि अशा माणसाला बहुधा पिस्ताही चालत नाही.

ॲलर्जी चुकून चिकटवण्याची किंमतही मोठी असते. शेजारच्या कर्नाटकात प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे २६ टक्क्यांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. ॲलर्जी संभवली ती जेमतेम १.२ टक्क्यांत. तेव्हा लांबलचक रक्ततपासणीचा कागद पाहून पथ्ये लावून घेऊ नयेत. केसपेपरवर ‘पेनिसिलीन चालत नाही’ असे लिहिलेल्यांपैकी बहुतेकांना रीतसर तपासणीनंतर ते चालते, असे पाश्चात्त्य अभ्यास सांगतात. तोवर त्यांना उगाच अधिक जालीम प्रतिजैविके मिळत राहतात.

याची दुसरी बाजू फार्मसीच्या काउंटरवर दिसते. पट्टीतून चार गोळ्या कातरून मिळतात आणि नाव त्या दुसऱ्या तुकड्यावर राहते. पुढे ओठावर किंवा मांडीवर दर वेळी त्याच जागी काळपट गोल डाग उमटतो. एखाद्या औषधाची ही ठळक खूण, पण कुठल्या औषधाची हे सांगायला कागदच नसतो. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ साली भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा दिला होता: पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा. औषध चालू असताना तापासोबत पुरळ आले, तोंड सोलवटले, डोळे चुरचुरले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

श्वास अडला, आवाज घोगरा झाला, भोवळ आली, तर हा पित्ताचा खेळ राहिला नाही. उपाय एकच, ॲड्रेनलिन. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या द्रावणातले प्रौढाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. ते टोचायला जाणता हात हवा, म्हणून १०८ ला फोन करावा आणि थेट बांबोळीचे मोठे इस्पितळ गाठण्याच्या हट्टापेक्षा जवळचे आरोग्य केंद्र पकडावे. रुग्णाला आडवे निजवून पाय उचलून धरावेत, चालवू नये. धाप लागली असेल तर बसू द्यावे. खाजेच्या गोळ्या गांधी शमवतात, जीव वाचवत नाहीत.

बंद पाकिटावर काजू-शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सुंगटांचा उल्लेख करणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. लग्नाच्या पंगतीला लेबल नसते. तिथे आचाऱ्यालाच विचारावे लागते: रस्सा दाट करायला काजू वाटलात का, आणि हा झारा आधी सुंगटांच्या कढईत होता का?