रिपोर्ट आधी कोण वाचतो

गरमी, म्हणजे सिफिलिस, ओळखायच्या व्हीडीआरएल या टेस्टवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या सिरॉलॉजीत माझी सगळी नोकरी गेली. सकाळी आल्या आल्या पहिलं काम अँटिजेनचं इमल्शन करायचं. लहान बाटलीत ०.४ मिली सलाइन घ्यायचं, बाटली टेबलावर गोल फिरवत ठेवायची आणि तिच्यात अर्धा मिली अँटिजेन थेंबाथेंबाने सोडायचं. हात अडखळला की बिघडलं. वर ४.१ मिली सलाइन घालून हलवलं की त्या दिवसाची सोय झाली, उद्या परत नवं. तोवर वॉटर बाथमध्ये ५६ अंशांवर अर्धा तास सिरम तापलेलं असे. मग स्लाइडवरच्या गोलांत एकेक थेंब, रोटेटरवर चार मिनिटं, मिनिटाला १८० फेरे, आणि लगेच मायक्रोस्कोपखाली. बारीक कणी सगळीकडे सारखी पसरलेली दिसली तर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. गुठळ्या दिसल्या तर रिअ‍ॅक्टिव्ह, आणि मग सिरम पातळ करत करत टायटर काढायचा, म्हणजे किती पातळ केल्यावरही गुठळ्या दिसतात ते बघायचं.

यातलं अँटिजेन गरमीच्या जंतूचं नसतंच. ते कार्डिओलिपिन, गुरांच्या हृदयातून काढलेलं. मेरी पँगबॉर्न या बाईंनी १९४१ मध्ये ते वेगळं करून दाखवलं, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या प्रयोगशाळेत त्यावरून ही टेस्ट बसवली गेली. त्याच बेटावरच्या मरीन हॉस्पिटलात तीन वर्षं आधी जॉन महोनी यांनी गरमीच्या चार रुग्णांना पेनिसिलिन देऊन बरं केलं होतं. म्हणजे रोग ओळखायची सोपी रीत आणि तो मारायचं औषध, दोन्ही जवळजवळ एका अंगणातून आली. अँटिजेन जंतूचं नसल्यामुळे कुष्ठरोगी, मलेरियाचा पेशंट, कधी नुसती गरोदर बाईसुद्धा रिअ‍ॅक्टिव्ह येई. त्यामुळे आमच्या धंद्यात स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायची सवय लागते. ती डॉक्टरांना लागतेच असं नाही.

त्याआधीची वासरमन टेस्ट म्हणजे दिव्यच होतं. ऑगुस्ट फॉन वासरमन यांनी ती १९०६ मध्ये बर्लिनमध्ये काढली. गरमीचा जंतू शॉडिन आणि हॉफमन यांना आदल्याच वर्षी सापडला होता. या टेस्टला मेंढीच्या रक्तपेशी लागत, गिनीपिगचं सिरम लागे, आणि करणाऱ्याचा दिवस मोडे. मग रूबेन कान यांची टेस्ट आली, मग आमची व्हीडीआरएल, मग कोळशाचे कण घातलेली आरपीआर. ती पुठ्ठ्याच्या कार्डावर होते आणि नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. मायक्रोस्कोप सुटला तेव्हाच, माझ्या मते, टेस्ट प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडायला मोकळी झाली.

पण एवढी वर्षं स्लाइड बघताना मला वेगळंच काहीतरी छळत आलं: निकाल आधी कोणाला कळतो?

रक्ताची टेस्ट नव्हती तेव्हा तो पोलिसांना कळे. १८६८ चा इंडियन कंटेजियस डिसीजेस अ‍ॅक्ट मुंबईत १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये गुंडाळला, १८८० मध्ये पुन्हा आणला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. त्याखाली वेश्यांची नोंदणी होई, ठरलेल्या दिवशी अंगतपासणी होई आणि रोगाची खूण दिसली की बाई लॉक हॉस्पिटलात डांबली जाई. गोरा शिपाई निरोगी राहावा म्हणून हे सगळं. शिपायाला तपासायचं मात्र कायद्यात नव्हतं. उघड्या डोळ्यांनी गरमी ओळखणं किती बेभरवशाचं आहे ते आमच्यासारख्यांना विचारा. पहिला व्रण दुखत नाही, बाईच्या बाबतीत तो बऱ्याचदा आत असतो आणि उपचार न करताच भरून येतो. ज्या तपासणीसाठी बायकांना भीतीने घर सोडून पळावं लागे, तिला निम्मं काही दिसतच नव्हतं.

पांढरपेशांनी आपली वाट टपालातून काढली. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत गुप्तरोगावरच्या औषधांच्या जाहिराती असत, औषध व्ही. पी. ने घरपोच. निदानाचं नाव नाही, सरळ इलाज. या बाजारात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. लोक त्यांना खाजगीतले प्रश्न पत्राने विचारत आणि ते मासिकातून उत्तरं देत. त्यासाठी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. घरबसल्या, कोणाला तोंड न दाखवता खरी माहिती मिळावी ही गरज अमेरिकेतून घरच्या टेस्टबरोबर आलेली नाही. ती गिरगावातच होती.

आमच्याकडे रिपोर्ट खिडकीवर मिळे. माणूस नाव पुकारी आणि कागद पुढे करी. गरोदर बाईचं रक्त पहिल्याच भेटीत व्हीडीआरएलला येई, कारण आईला गरमी असली तर मूल पोटातच दगावतं किंवा रोग घेऊन जन्मतं. वेळेत चोवीस लाख युनिटचं पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं तर बहुधा दोघं वाचतात. टेस्ट सोन्यासारखी. पण कागद न्यायला यायची सासू, नाहीतर नवरा. वाचता येत नसलं तर शेजारच्या रांगेतल्या माणसाकडून वाचून घ्यायचे. नवऱ्याने घरी आणलेला रोग बायकोच्या नावावर लागायचा, कारण टेस्ट तिची झाली होती. मी डॉक्टरांना म्हणे, नवऱ्यालाही बोलवा. बोलावत. नवरे येत नसत.

एचआयव्हीने हे सगळं भिंगातून मोठं करून दाखवलं. भारतात तो पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या कामातून. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत वाढलेल्या मराठी घरातल्या. आमच्या विभागात याचा आम्हाला उगीच अभिमान होता. पण मला त्याहून जास्त आठवतो तो गोवा. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करणारा. १४ फेब्रुवारी १९८९ ला पोलिसांनी त्याला म्हापशाला नेलं. का, ते कोणी सांगेना. इस्पितळात नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘एड्स’ लिहिलेलं दिसलं तेव्हा त्याला कळलं. दान केलेल्या रक्तावर टेस्ट झाली होती. निकाल रक्तपेढीला माहीत होता, सरकारला माहीत होता, पोलिसांना माहीत होता. ज्याचं रक्त त्याला सगळ्यात शेवटी. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग इस्पितळात एकट्याला कोंडून ठेवलं. घरचे लढले, लोक रस्त्यावर उतरले, तो सुटला. १९९२ मध्ये तो गेला. संमतीशिवाय टेस्ट करू नये आणि निकाल गुप्त ठेवावा, हे आपल्याकडे कायद्यात यायला २०१७ उजाडलं.

अमेरिकेत एचआयव्हीच्या घरच्या टेस्टवरची भांडणंही याच सुमाराची. रक्ताचा थेंब घरी काढून टपालाने पाठवायची कल्पना ऐंशीच्या दशकातच निघाली होती. तिथल्या एफडीएने आधी ती अडवली. एकट्याने निकाल ऐकून माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल, हा मोठा आक्षेप. शेवटी १९९६ मध्ये परवानगी मिळाली: कार्डावर थेंब, कार्ड पाकिटात, आणि नावाऐवजी नंबर सांगून फोनवर निकाल. टेस्टला नावच नाही, हे वाचून मी चकित झाले होते, कारण आमचं निम्मं काम नावं जुळवण्याचं. २०१२ मध्ये पहिली पूर्ण घरगुती टेस्ट आली. हिरडीवर काडी फिरवायची, नळीत ठेवायची, वीस मिनिटांनी बघायचं. सामान्य माणसाच्या हातून ती लागण झालेल्या बारांतल्या एकाला चुकवते, आणि ताजी, तीन महिन्यांच्या आतली लागण तिच्यात दिसेलच असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गरमीचीही टेस्ट तिथे दुकानात विकायला मंजूर झाली, बोटाच्या एका थेंबावर, पंधरा मिनिटांत.

या शेवटच्या टेस्टबद्दल माझी कुरबुर आहे. ती खुद्द जंतूविरुद्धची अँटिबॉडी पकडते, आणि ती बऱ्या झालेल्या माणसातही बहुधा जन्मभर राहते. वीस वर्षांपूर्वी इंजेक्शन घेऊन मोकळा झालेला माणूस आज पट्टीवर दोन रेघा बघून हादरेल. इलाज लागू पडला की उतरतो तो व्हीडीआरएलचा टायटर. वन इज टू सिक्स्टीनचा वन इज टू फोर झाला की आम्ही डॉक्टरांच्या आधी खूश. तेव्हा पट्टी काहीही म्हणो, पुढचं रक्त प्रयोगशाळेतच यावं लागतं.

तरी मी घरच्या टेस्टच्या बाजूची आहे, कारण दीडशे वर्षांत पहिल्यांदाच निकाल आधी त्याला कळतो ज्याच्या अंगात रोग आहे. अडचण टेस्टची नाही, घराची आहे. परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, संडास मजल्याच्या टोकाला, दार ठोठावणारा बाहेर उभा. तिथे पंधरा मिनिटं एकटीने पट्टीकडे बघत कोण बसणार, आणि नंतर ती कुठे टाकणार? आमच्याकडे येणाऱ्या बायका घरी सांगून निघत, डोळे दाखवायला चाललेय. ओपीडीच्या गर्दीत त्यांना जेवढा आडोसा मिळे तेवढा त्यांच्या घरात नव्हता. म्हणून केमिस्टकडे किट येवोत, स्वस्त येवोत, पण त्याच्या भरवशावर गुप्तरोग बघणाऱ्या स्किन ओपीडीची खिडकी कोणी बंद करू नये. नाव पुकारायचं तेवढं थांबवा, टोकन नंबर द्या.