डायल-अप मोडेम

डायल-अप मोडेम हे घरगुती संगणक साध्या दूरध्वनी तारेमार्फत आंतरजालाशी जोडणारे उपकरण आहे. 'मॉड्युलेटर' व 'डिमॉड्युलेटर' या शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांपासून हे नाव बनले. संगणकाच्या अंकीय संदेशांचे ध्वनिसंकेतांत आणि ध्वनिसंकेतांचे पुन्हा अंकीय संदेशांत रूपांतर करणे, हे त्याचे कार्य होय. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. त्यानंतर हे उपकरण घराघरांत पोहोचू लागले.

प्रकार

अंतर्गत मोडेम संगणकातील स्लॉटमध्ये बसतो व तुलनेने स्वस्त असतो. बाह्य मोडेम पूर्वी सहसा सिरियल पोर्टला जोडत. त्यावरील दिव्यांवरून जोडणीची स्थिती कळते. 'विनमोडेम' आपले बरेचसे काम संगणकाच्या प्रोसेसरवर सोपवतो. त्यामुळे जुना संगणक मंदावतो आणि लिनक्सवर असा मोडेम अनेकदा चालत नाही.

वेग व निवड

'एक्स२' व 'के५६फ्लेक्स' या परस्परविसंगत पद्धतींमुळे मोडेम सेवादात्याच्या पद्धतीशी जुळणारा घ्यावा लागे. १९९८ मध्ये आलेल्या 'व्ही.९०' मानकाने ही अडचण दूर केली. या मानकानुसार माहिती उतरवण्याचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट, तर पाठवण्याचा ३३.६ किलोबिट असतो. कमाल वेगानेही एक मेगाबाइटची फाइल उतरण्यास सुमारे अडीच मिनिटे लागतात. तारेत खरखर असल्यास महागडा मोडेमही हा वेग गाठू शकत नाही. म्हणून खरेदीपूर्वी तारेची स्थिती तपासणे हितावह ठरत असे.