टिउकलचं पाणी

मागच्या महिन्यात मामाकडे जुनी ट्रंक आवरताना एक फोटो सापडला. आजोळचा हापसा, त्याच्या दांड्याला लोंबकळणारी आम्ही तीन भावंडं, आणि मागे कळश्यांची रांग. फोटो इतका पिवळा पडलाय की त्यातला मी कोणता यावर अर्धा तास वाद झाला. (तो मीच. मावशी काहीही म्हणू दे.)

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात बोअर घेतलं आणि हा हापसा बसला. आजीला त्याचं पाणी कधीच आवडलं नाही. सपक लागतं म्हणायची, विहिरीच्या पाण्याची गोडी त्याला नाही. पण डॉक्टर, मास्तर, ग्रामसेवक सगळे सांगायचे की विहिरीच्या पाण्यात जंतू असतात, हापशाचं पाणी शुद्ध. आणि ते खरंच होतं. पावसाळ्यातली हगवण कमी झाली हे आजीही मान्य करायची. आपल्याकडच्या या लोखंडी हापशाच्या घराण्याचं मूळ सोलापुरात आहे हे मला फार उशिरा कळलं. तिथे घडवलेल्या 'सोलापूर पंपा'वरूनच पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि जगभर गेला.

फोटो बघताना मला मात्र आठवलं कलकत्ता. नोकरीनिमित्त मी तिथे तीन वर्षं काढली. तिथे हापशाला टिउकल म्हणतात, पलीकडे बांगलादेशात चापकल. ऑफिसातले एक सहकारी रोज गावाहून लोकलने यायचे. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तर अंगणातल्या टिउकलच्या मानेवर लाल रंगाचा पट्टा. मी सहज विचारलं, तर ते म्हणाले, "ते पाणी भांड्यांना. प्यायचं शेजारून आणतो." तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. जमेल तसं वाचत गेलो, आज लिहायला बसलोय. जरा लांबेल.

बंगालची जमीन आपल्यासारखी कातळाची नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेने हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. तिथे बोअरला यंत्र लागत नाही. बांबूचा मांडव, एक लोखंडी नळी आणि तीन-चार माणसं. एकजण वर बसून नळीचं तोंड तळहाताने झाकतो-उघडतो, बाकीचे नळी खालीवर करतात, आणि चिखल उसळून बाहेर येतो. एका दिवसात टिउकल तयार! तिथे तळी आणि पोखरींचं पाणी पिऊन कॉलरा-हगवणीने मुलं मरत होती. म्हणून सत्तरच्या दशकापासून सरकारांनी आणि युनिसेफने या नळ्यांचा धडाका लावला. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने अंगणात घेतल्या. नव्वदच्या दशकात ग्रामीण बांगलादेशातले ९० टक्क्यांहून जास्त लोक टिउकलचं पाणी पीत होते. सार्वजनिक आरोग्याचं मोठं यश म्हणून त्याचं कौतुक होत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

पाणी तपासलं जायचं ते जंतूंसाठी. सोमलासाठी कोणी तपासत नव्हतं.

सोमल म्हणजे आर्सेनिक. आपल्या जुन्या गोष्टींत राजाच्या दुधात घालतात ते. रंग नाही, वास नाही, चव नाही. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतले रोगी येऊ लागले. छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग, तळहात-तळपाय खरखरीत, गाठी आलेले. गावांत लोक याला महारोग समजत. नवऱ्यांनी बायका माहेरी धाडल्या, मुलींची लग्नं अडली. साहांनी ओळखलं की हे पाण्यातल्या सोमलाचं काम आहे. हा विकार सावकाश येतो, वर्षानुवर्षं पाणी प्यायल्यावर, आणि पुढे कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो.

इथे दुसरे गृहस्थ येतात, जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती. हे रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेत काम करत होते, १९८८ साली बंगालच्या खेड्यांतले हे रोगी पाहिले आणि उरलेलं आयुष्य याच कामात घातलं. विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव फिरायचं, प्रत्येक नळीचं पाणी बाटलीत घ्यायचं, सोबत लोकांचे केस, नखं, लघवी, आणि प्रयोगशाळेत मोजायचं. आकडे सरकारी आकड्यांपेक्षा मोठे येत. साहजिकच घबराट पसरवतात, फुगवून सांगतात असे आरोप झाले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं. बांगलादेशात १९९३ साली चापाई नवाबगंज भागात सरकारी खात्यालाच सोमल सापडलं होतं, पण हालचाल अगदी संथ. १९९६ च्या अखेरीपासून जादवपूरच्या मंडळींनी ढाका कम्युनिटी हॉस्पिटलच्या जोडीने तिथेही मोजायला सुरुवात केली. २००० साली कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं.

आता यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. १९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या भूजलाचा एक अहवाल दिला होता. पाण्यातली बरीच मूलद्रव्यं मोजली होती. आर्सेनिक त्यांत नव्हतं. ब्राह्मणबाडिया भागातल्या एका आजारी गावकऱ्याने लंडनच्या कोर्टात दावा लावला: तुम्ही मोजलं नाहीत, म्हणून आमच्या सरकारने पाणी चांगलं समजलं. खालच्या कोर्टाने खटला चालू द्यावा म्हटलं, अपील कोर्टाने २००४ मध्ये दोन विरुद्ध एक मताने तो फेटाळला, आणि जुलै २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही फेटाळला. म्हणणं असं की बांगलादेशातल्या पिण्याच्या पाण्यावर या संस्थेचा ताबा नव्हता, त्याची जबाबदारी तिच्याकडे नव्हती, आणि पाणी पिण्याजोगं आहे असं अहवाल कुठे सांगत नव्हता.

कायदा म्हणून मला हे समजतं. मी न्यायाधीश असतो तर कदाचित हेच लिहिलं असतं. पण मोजलेल्या आकड्यांची लांबलचक यादी समोर आली की आपण त्यात नसलेलं नाव शोधत नाही, हेही तितकंच खरं. यादी जितकी लांब तितकी शंका कमी!

गंमत अशी (गंमत म्हणू नये खरं तर) की त्याच संस्थेने पुढे बांगलादेशच्या सार्वजनिक आरोग्य खात्याबरोबर जी मोजणी केली, ती आजही प्रमाण मानली जाते. ६४ पैकी ६१ जिल्हे, ३,५३४ विहिरी, अहवाल २००१ चा. उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांत लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक. ही बांगलादेशची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने आपली मर्यादा १९९३ सालीच १० वर आणली होती. पन्नासच्या वरचं पाणी पिणारे साधारण साडेतीन कोटी लोक, दहाच्या वरचं पिणारे पावणेसहा कोटी.

मग उपाय निघाला: विहिरी तपासा आणि रंगवा. वाईट ती लाल, चांगली ती हिरवी. जागतिक बँकेच्या पैशाने जवळजवळ पन्नास लाख विहिरी तपासल्या गेल्या. तपासायला छोटं किट: पाण्यात आम्ल आणि जस्त टाकायचं, वायू निघतो, वर धरलेला कागद पिवळा ते तपकिरी होतो, आणि तो रंग तक्त्याशी डोळ्यांनी ताडून बघायचा. उन्हात, घाईत, दिवसाला कितीतरी विहिरी.

चक्रवर्तींच्या गटाने या रंगांचीही तपासणी केली. आधीच रंगवलेल्या २,८६६ विहिरींचं पाणी प्रयोगशाळेत नेऊन मोजलं. २००२ साली छापून आलं की ज्यांत आर्सेनिक पन्नासच्या खाली होतं, त्यांतल्या जवळजवळ ४५ टक्क्यांवर चुकीचा रंग होता. म्हणजे चांगल्या विहिरींना लाल पट्टा, आणि बाया विनाकारण लांबून पाणी वाहतायत. उलटी चूकही होत होती, तिची किंमत तर सांगायलाच नको. जास्त आर्सेनिकच्या विहिरींत चुका बऱ्याच कमी होत्या, हेही त्यांनी लिहिलं. हे वाचून सरकारी कार्यक्रम चालवणाऱ्यांना काय वाटलं असेल? एवढं रंगवून झाल्यावर कोणी म्हणावं की पुन्हा बघा!

पण गोष्ट इथेच संपत नाही, आणि मला ती म्हणूनच आवडते. आरायहाजार भागात काम करणाऱ्या कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी दुसऱ्या एका किटची अशीच परीक्षा घेतली. २००५ साली त्यांनी लिहिलं की ७९९ पैकी ८८ टक्के विहिरींत किटचं उत्तर बरोबर आलं. चुका मुख्यतः ५० ते १०० च्या पट्ट्यात होत्या, आणि कागद वीसऐवजी चाळीस मिनिटं ठेवला तर त्याही कमी होतील. वीस मिनिटं जास्त थांबायचं, बस्स. शेजारशेजारच्या दोन नळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे खरा रंग कळला तर पुष्कळांना प्यायचं पाणी शंभर पावलांवर मिळतं.

चक्रवर्ती प्रत्येक बाबतीत बरोबर होते असंही नाही. हे आर्सेनिक पाण्यात उतरतं कसं, याबद्दल त्यांच्या गटाचं म्हणणं होतं की शेतीसाठी बेसुमार उपसा झाला, पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली आणि पायराइट नावाचं खनिज विरघळलं. पुढे इतरांनी दाखवलं की बहुतेक ठिकाणी उलट आहे. गाळात प्राणवायू नाही, कुजणारा पालापाचोळा आहे, त्यामुळे कणांवरचा लोहाचा थर विरघळतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. आज बहुतेक शास्त्रज्ञ हेच मानतात. म्हणजे सरकारला तपासणाऱ्यालाही कोणीतरी तपासलं. त्यांच्या मोजलेल्या आकड्यांना यामुळे काही धक्का लागला नाही.

चक्रवर्ती २०१८ साली गेले. त्याआधी दोन वर्षं ह्यूमन राइट्स वॉचने लिहिलं होतं की बांगलादेशात अजून दोन कोटी लोक मर्यादेबाहेरचं पाणी पितात.

असो. फोटो सापडला त्या रात्री मामेभावाला फोन केला. तो गावातच असतो. हापसा अजून आहे, उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही की त्यावरच गर्दी. आपल्या बेसाल्टात बंगालसारखी आर्सेनिकची गोष्ट नाही हे मला ठाऊक आहे. पण यवतमाळ-नांदेडकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने लोकांचे दात आणि हाडं गेली आहेत.

"दादा, हापशाचं पाणी कधी तपासलंय का रे?"

"तपासलंय की. दरवर्षी बाटली नेतात. चांगलं आलंय."

"कशासाठी तपासलं?"

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "ते नाही विचारलं बघ. सोमवारी ग्रामपंचायतीत जातोच आहे, कागद मागून घेतो."

आज मंगळवार. अजून फोन नाही.