लसणाच्या फोटोमागं

माझ्या पेटीत एक कृष्णधवल फोटो आहे. चौकोनी, कडा पिवळ्या पडलेल्या. लसणाचा एक वाफा, धुऱ्यावर उकिडवी बसलेली एक म्हातारी, आणि तिचं अर्धं डोकं कापलं गेलेलं. मागं माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: ‘लसूण. जि. चंद्रपूर, फेब्रुवारी 1982.’

गाव आरमोरीजवळचं, वैनगंगेच्या पूर्वेचं. त्याच वर्षी 26 ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि गाव जागचं न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. फोटोमागचा पत्ता सहा महिन्यांत जुना झाला. तो मी कधी खोडला नाही.

तेव्हा मी त्या गावी मास्तर होतो, म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहत होतो. सारं गाव तिला आजी म्हणायचं, मीही म्हणू लागलो. माझ्याकडं आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोळात बारा फोटो. रोळ ‘इंदू’चा, उटीच्या सरकारी कारखान्यातला. बारा फोटो म्हणजे बारा वेळा विचार. शाळेची मुलं झाली, बैलजोडी झाली, तळ्यावरची पाळ झाली. शेवटचा एक उरला तेव्हा सकाळी आजीला म्हटलं, “आजी, तुमचा काढतो.”

ती वाफ्यात गवत काढत होती. म्हणाली, “माजा कायले काढतेस? लसनाचा काढ. मी त मरून जाईन.”

म्हणून कॅमेरा खाली वाकवला आणि तिचं डोकं कापलं गेलं.

घरामागच्या त्या तुकड्याला आमच्या झाडीपट्टीत सांदवाडी म्हणतात. धान बांधीत पिकतो, पुरुषाच्या नावानं सातबाऱ्यावर चढतो. सांदवाडी बाईच्या हातची. दोन वाफे लसूण, एक कांदा, मिरचीची चार झाडं, कुंपणावर वालाचा वेल. खत म्हणजे उकिरड्यातलं शेणखत आणि चुलीतली राख. ‘सेंद्रिय’ हा शब्द आजीनं ऐकलाही नव्हता.

या मुलखाचे फोटो पुष्कळ निघाले. शेजारच्या बस्तरात व्हेरियर एल्विननं माडिया-मुरियांचे काढले, आदिलाबादेत फ्युरर-हायमेंडॉर्फनं राजगोंडांचे काढले. पुढं ताडोब्याच्या वाघाचे इतके निघाले की मोजदाद नाही. इंग्रजांच्या बंदोबस्तापासून सरकारी कागदात धान आला, तळं आलं, जंगल आलं. परसातल्या दोन वाफ्यांची वेगळी नोंद कोण ठेवणार? लसणाचा इतिहास लिहायचा म्हटलं तर आमच्याकडं कागद नाही.

तसा लसणाचा कागद जगात फार जुना आहे. 1890 साली मध्य आशियात कुचाजवळ भूर्जपत्रावरची एक पोथी सापडली, बॉवर हस्तलिखित म्हणतात तिला. तिची सुरुवातच लसणाच्या गुणवर्णनानं होते. काश्यपसंहितेत लसणावर आख्खा कल्प आहे. सहा रसांपैकी आंबट तेवढा उणा म्हणून त्याचं नाव रसोन. पण पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी प्रवासी फाहियान लिहून गेला की मध्यदेशात कांदा-लसूण कोणी खात नाही, खातात ते फक्त चांडाळ. म्हणजे औषध म्हणून पोथीत मान, आणि ताटात मात्र जात. आमच्या आजीच्या घरी लसूण-मिरचीचा ठेचा आणि भात हेच कितीदा तरी जेवण असे. पोथी तिला माहीत नव्हती, आणि त्यानं तिचं काही अडलंही नाही.

2024च्या माघात मी पुन्हा त्या वाफ्यावर गेलो. आता मी निवृत्त, आणि कॅमेरा मोबाइलमध्ये. बोलावणं आजीच्या नातसुनेचं. तिच्या गटाला सेंद्रिय भाजीपाल्याचं पीजीएस प्रमाणपत्र हवं होतं. त्यात गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतावर जाऊन पाहतात आणि खात्री देतात. फाइलीला फोटो जोडायचे होते. “गुरुजी, तुमचा हात बसला आहे, तुम्हीच काढून द्या,” ती म्हणाली. आजीच्या कापलेल्या डोक्याची गोष्ट तिला कोणी सांगितली नसावी.

सकाळी सातला वाफ्यावर गेलो. मार्कंड्याच्या जत्रेला थोडे दिवस होते. बांधीत धानाची वाळली खुटं, धुऱ्यावर पळस नुकता लाल झालेला, पातीवर दव. आजीचे दोन वाफे आता वाढून गुंठाभर झाले होते. शेंडे पिवळे पडू लागले होते, पण माना अजून ताठ होत्या. लसणाला थंडी लागते. कार्तिकात पाकळी लावायची, पूस-माघाच्या गारठ्यात ती जोर धरते, आणि आमचा उन्हाळा पेटायच्या आत गड्डा भरून घ्यावा लागतो. पात पिवळी पडून मान मोडली की काढायचा, जुड्या बांधायच्या आणि चुलीच्या धुरावर आढ्याला टांगायच्या.

तिनं एक गड्डा उपटून हातावर ठेवला. लहानसा, सालीवर जांभळी झाक. मी पेटीतला जुना फोटो सोबत नेला होता. दोन्ही शेजारी धरले. कृष्णधवल फोटोत जांभळा रंग कुठून दिसणार?

“हा तोच लसूण का गं?”

ती हसली. “तोच म्हना, नाही म्हना.”

मग तिनं सांगितलं. “बोडीची पार फुटली त्या सालची गोष्ट, गुरुजी. मी नवीनच आली होती. पानी नव्हतं, लसून लावलाच नाही. टांगलेल्या जुड्या खाल्ल्या, उरला तो वारून पोचट झाला.”

बोडी फुटली हे तिच्या तोंडी एका वाक्यात येतं. त्यामागं मोठी हकिगत आहे. गोंड राजांच्या काळापासून या भागात तळी बांधली गेली, कोहळी लोक त्यात वाकबगार. मालगुजाराच्या काळात गाव मिळून पाळीवर माती टाकी. त्यात वेठही होती, ते विसरायचं नाही. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तळी सरकारची झाली, आणि माती टाकायचं काम कोणाचंच राहिलं नाही. पाळ एका रात्री फुटते, पण ती खचत असते वर्षानुवर्षं.

धानाचं वाण गेलं तर कुठून तरी बी आणता येतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी 1983च्या सुमारास आपल्या बांधीतल्या काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या जपत जपत नवा धान काढला. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, धानाला तेच नाव पडलं. धान बी देतो, म्हणून त्यात निवड करता येते. लागवडीतल्या लसणाला पेरण्याजोगं बी धरत नाही. पाकळी लावायची, तिचाच गड्डा, त्याचीच पाकळी. एक कार्तिक चुकला आणि घरातला लसूण संपला, की वाण गेलं. फोटोत ते दिसत राहील, उगवणार नाही.

“मंग?” मी विचारलं.

“मंग आतेसासूच्या घरून आनला. तिच्या लग्नात आजीनं दोन जुड्या देल्ल्या होत्या. थे लावत राहिली होती.”

आतेसासू म्हणजे आजीची लेक. दिली होती नदीपलीकडं, ब्रह्मपुरीकडच्या गावात. ते गाव चंद्रपूर जिल्ह्यातच राहिलं. म्हणजे लसूण लेकीबरोबर नदी ओलांडून गेला, मध्ये जिल्ह्याची हद्द पडली, आणि सुनेच्या ओट्यात परत आला. आजीनं जुड्या दिल्या त्या वाण वाचवायला नव्हे. लेकीच्या फोडणीला लसूण असावा, एवढंच.

त्या वर्षी लसणाचा भाव भडकला होता. फेब्रुवारीत किरकोळ बाजारात किलोला चारशेच्या घरात गेला. गुंठाभर लावायला पाचेक किलो पाकळ्या लागतात, म्हणजे बियाण्यालाच दोन हजार. एक व्यापारी ओलाच, सगळा, रोख घ्यायला तयार होता. नवरा म्हणे, देऊन टाक, कार्तिकात मंदसौरचा नाहीतर राजगुरुनगरच्या संशोधनातला भीमा पर्पल आणू, गड्डा मोठा येतो. त्याचं चूक नव्हतं. घरात पोराची फी होती.

तिनं विकला, पण बियाण्यापुरता ठेवून. आणि त्यातल्या दोन जुड्या शेजारणीला दिल्या. “एका घरी ठेवला त एक दिवस मरते,” म्हणाली.

मोबाइलमधल्या फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आपोआप उमटली. जागा आता चुकणार नाही. फाइलीला तेवढं पुरे झालं. पुढं मी त्यातला एक छापून तिला नेऊन दिला. यावेळी डोकं पूर्ण आलं होतं. तिनं फोटो उलटा केला आणि पेन माझ्या हातात दिलं.

“मांगं लिहा, गुरुजी. कोनी आनला ते लिहा.”

मी लिहिलं: ‘लसूण. जि. गडचिरोली. आजीचा. लेकीनं नदीपलीकडं राखला, नातसुनेनं परत आणला.’